टबाचा काठ

आई आंघोळीला गेली की मी पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत उभी राहते. कपडे नसले तर कपाटातले घडी केलेले टॉवेल काढते, मोडते आणि पुन्हा घड्या घालते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त आईला ठाऊक नाही, असं मी कितीतरी महिने समजत होते.

दाराला कान लावायची गरज पडत नाही. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधलं आमचं घर जुनं, लाकडी. पलीकडच्या खोलीत कुणी उसासा टाकला तरी अलीकडे ऐकू येतो. आधी नळ सुटतो. मग बादली भरत येते तसा पाण्याचा आवाज जड होत जातो. मग टबात ठेवलेलं बुटकं स्टूल सरकतं, आईचं पुटपुटणं सुरू होतं, आणि मधूनमधून तांब्या बादलीवर ठण्ण वाजतो. बादली पत्र्याची आहे, कारण प्लॅस्टिकच्या बादलीला तिने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. तांब्या तिचा स्वतःचा, पुण्याहून साडीत गुंडाळून आणलेला. शॉवर भिंतीवर आहे, त्याच्याकडे ती ढुंकून बघत नाही. तर त्या ठण्ण आवाजावर माझा जीव टांगलेला असतो. बराच वेळ तो आला नाही की माझे हात घडीवरच थांबतात.

याला कारण आहे. बाबा गेल्यावर आई पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. एका सकाळी ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि संध्याकाळी भांडीवाल्या मावशी त्यांच्याजवळची किल्ली लावून आत येईपर्यंत तशीच ओल्या फरशीवर पडून राहिली. हाड मोडलं नाही हेच नशीब. मला तिने फोनवर सांगितलं, "काही नाही गं, जरा सर्दी झालीय." खरं काय ते मावशींनी मागून ओरडून सांगितलं. तेव्हापासून मला तिची ओली फरशी डोळ्यांसमोरून हलत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझं मन तर त्या कामावर पूर्णवेळ आहे.

मी तिला इकडे यायचा आग्रह धरला. तिला लेकीच्या घरी जाऊन राहणंच पटत नव्हतं, त्यात डोळ्यांत काचबिंदू. शेवटी आली ती अट घालूनच.

"राहीन तुझ्याकडे," ती म्हणाली. "पण ज्या दिवशी मला आंघोळीला दुसऱ्याचा हात लागेल त्या दिवशी माझं परतीचं तिकीट काढायचं."

"आणि तिकडे कोण आहे तुला आंघोळ घालायला?"

"बाई ठेवीन. पगार दिला की उपकार राहत नाहीत."

माझी आई पोकळ धमक्या देत नाही. त्यामुळे माझ्या भीतीला दोन तोंडं होती. एक म्हणजे ती पडेल. दुसरी म्हणजे ती पडू नये म्हणून मी एक दिवस तिचा हात धरीन आणि ती बॅग भरायला घेईल. अर्धं दिसत असताना ती त्या बंद फ्लॅटमध्ये पुन्हा एकटी राहील, या विचाराने वेलिंग्टनच्या ट्रेनमध्ये कितीदा माझं स्टेशन यायच्या आधी उभं राहून दाराशी जाऊन थांबलेय मी, उगाचच.

आता त्या बाथरूमबद्दल. घर घेतलं तेव्हा ते पाहून आम्ही दोघं हसलो होतो. भिंतीवर चॉकलेटी टाइल्स, मध्ये मध्ये मोहरी रंगाची फुलं, जमिनीवर तशाच गडद चॉकलेटी टाइल्स, टबाच्या दर्शनी भागावरही त्याच. खिडकी पोस्टकार्डाएवढी. त्या सगळ्या अंधारात टब तेवढा साईच्या रंगाचा. माझी लेक त्या बाथरूमला "द केव्ह" म्हणायची. पुढच्या वर्षी बदलू म्हणता म्हणता मॉर्गेजचं व्याज वाढलं आणि पुढचं वर्ष पुढेच राहिलं. शिवाय त्या काळातल्या घरांत टाइलमागच्या पत्र्यात श्वासाला घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, फोडाफोड करायची तर आधी तपासणी, मग खास माणसं, असं एका टाइलवाल्याने सांगितलं आणि जो आकडा म्हटला तो ऐकून नवऱ्याने त्याला चहा विचारला, एवढंच.

पण आई आल्यापासून तो अंधार मला खायला लागला. ज्या माणसाला कमी दिसतं त्याला अंधाऱ्या खोलीत, ओल्या टबात, पाय उचलून जायला लावायचं? टाइलवर लावायचा रंग मिळतो हे ऑफिसातल्या एकीने सांगितलं. "हीप्स ऑफ पीपल डू इट," ती म्हणाली. मी त्याच आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन डबे उचलले. पांढरा. दुसरा रंग मनातही आला नाही. पांढऱ्याने उजेड होतो, उजेडात दिसतं, दिसलं की माणूस पडत नाही. इतका सरळ हिशोब होता माझा.

रंगाचा वास आईला नको म्हणून तिला लोअर हटच्या माझ्या मैत्रिणीकडे पाठवलं. जाताना ती म्हणाली, "काय एवढं अडलंय? आहे ते बरं आहे की." मला वाटलं, संकोच. लेकीच्या घरी आल्यापासून तिला सगळंच बरं होतं.

ते काम म्हणजे नुसतं ब्रश फिरवणं नव्हे. आधी टाइल्स घासायच्या, मग सँडपेपरने खरवडायच्या, कडेचं जुनं काळं पडलेलं सिलिकॉन ब्लेडने काढायचं, मग प्रायमर, मग दोन डब्यांतलं एकत्र कालवून लावायचा तो रंग, तोही घट्ट व्हायच्या आत. नवरा इथल्या बोलीत म्हणत होता, "स्वीट अ‍ॅज, होऊन जाईल." कसलं स्वीट! टबालगतच्या भिंतीवर, बसल्यावर पाठ टेकते त्या उंचीला, प्रायमर धरेचना. लावला की मासोळीच्या डोळ्यांसारखी भोकं पडायची आणि खालचं चॉकलेटी डोकावायचं. मी रडकुंडीला आले. मग डोक्यात उजेड पडला. आमच्या घरातल्या आजवरच्या सगळ्या दिवाळ्यांचं अभ्यंग तिथेच झालं होतं, लेकीच्या केसांचं खोबरेल तिथेच निथळलं होतं आणि हल्ली रोज आईचं. रंगाच्या डब्यावर सगळ्या सूचना होत्या, पण खोबरेल तेलाचा उल्लेख कुठे नव्हता. ती भिंत पुन्हा घासली, पुन्हा वाळवली. बाहेर हिमाचा पांढरा थर, आत मी खिडकी उघडी टाकून हीटर लावून बसलेली. वीज जळतेय, वास जात नाहीये आणि रंग वाळत नाहीये, अशा तिन्ही काळज्या मी एकाच वेळी करत होते. आम्ही आंघोळीला गावातल्या स्विमिंग पूलवर जात होतो. लेक मला म्हणाली, "आई, यू आर बीइंग सो इन्टेन्स." मी तिला टॉवेल फेकून मारला.

जमिनीलाही रंग दिला, पाय घसरू नये म्हणून बारीक वाळू घातलेला. तो फिकट राखाडी म्हणून आणला होता, वाळल्यावर पांढराच दिसायला लागला. टबाचा दर्शनी भागही पांढरा केला. शेवटी दारात उभं राहून पाहिलं तर ती खोली आमची वाटेना. कुठे कोपरा नाही, सावली नाही, सगळं लख्ख. मला खूप दिवसांनी शांत झोप लागली.

आई परत आली. दारात थांबली, बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "छान झालंय गं. अगदी लख्ख." एखाद्याकडे न आवडणारी भाजी पानात पडली की ती असंच छान म्हणते. मला तो सूर ऐकू आला, पण मी त्याच्याकडे काणाडोळा केला. एवढं मरमर करून केल्यावर कौतुक थोडं कमी पडलं, एवढंच मनात आलं.

आणि मग तो परकर सुरू झाला.

आईचा एक डाळिंबी रंगाचा जुना परकर आहे. नव्या बाथरूममध्ये तो टबाच्या काठावर दिसायला लागला. आपले आतले कपडे आपण आंघोळीतच पिळून काढायचे, ही तिची जन्माची सवय. त्यातलाच हा प्रकार असं मी धरून चालले. पण डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं की सुरुवातीचे काही आठवडे रंगावर ओलं कापड ठेवायचं नाही. त्यात डाळिंबी! रंग उतरला तर? मी तो रंग तळहाताच्या फोडासारखा जपत होते. दिसला परकर की उचलून बाहेर दोरीवर टाकायचे.

"आई, नवा रंग आहे गं तो. डाग पडेल."

"बरं."

दुसऱ्या दिवशी परकर पुन्हा काठावर. मी दारामागे हूक लावून दिला. हूक रिकामा, परकर काठावर. माझा पारा चढायचा. "सांगून कळत नाही का तुला?" असं एकदा मी म्हटलंसुद्धा, लहान मुलीला म्हणावं तसं. ती काही बोलली नाही. पुण्यात असती तर तिने मला दोन ठेवून दिल्या असत्या, निदान शब्दांच्या. हे गप्प बसणं मला नवीन होतं आणि त्याने मी जास्तच घाबरले.

आणखी एक गोष्ट बदलली. तांब्या वाजेनासा झाला. पाण्याचा आवाज यायचा, पण थांबत थांबत, मध्ये लांब शांतता, आणि ठण्ण नाही. मी पॅसेजमध्ये टॉवेल हातात घेऊन श्वास रोखून उभी. "आई, ठीक आहेस ना?" असं विचारलं की आतून "हो हो" यायचं, जरा धापा टाकत. मग ती मला विचारायला लागली, ऑफिसला कोणत्या दिवशी जाणार, घरून काम कोणत्या दिवशी. मी घरी नसेन त्या दिवशी ती निवांत आंघोळ करत होती, असं लेकीकडून कळलं. काय लपवत होती ही? मला एकामागून एक अभद्र शंका यायला लागल्या. चक्कर येते का? छातीत दुखतं का? तिकीट काढायला लागू नये म्हणून सांगत नाही का?

असाच एक घरून कामाचा दिवस होता. मीटिंग रद्द झाली म्हणून मी दात घासायला बाथरूममध्ये गेले, ब्रश तोंडात घातला आणि पाहते तर परकर काठावर ठेवलेला. आई अजून खोलीतच होती, आंघोळ व्हायची होती. मी रागाने परकर उचलला. तो कोरडा होता. कडक वाळलेला, घडी करून, काठाच्या लांबीला नीट पसरलेला.

तो हातात धरून मी बेसिनजवळ उभी होते, तेवढ्यात आई आत आली. मी तिच्या उजवीकडे हातभर अंतरावर होते. तिने मला पाहिलं नाही. तिला बाजूचं दिसत नाही हे मला डॉक्टरांकडून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि आपली आई आपल्याला खांबासारखं ओलांडून जाते हे पाहणं वेगळं. तिने तांब्या खाली ठेवला, पाऊल पुढे टाकलं आणि थांबली. समोर पांढरी भिंत, पांढरा टब, पांढरी जमीन. तिने हात पुढे केला आणि हवेतच फिरवला. गुडघा टबावर आपटला. मग ती वाकून दोन्ही हातांनी चाचपायला लागली, आणि स्वतःशीच म्हणाली, "ठेवला होता की. कुठं गेला?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आता हाक मारावी तर ती दचकून पडेल, न मारावी तर तशीच वाकून पडेल. हात धरावा तर तिकीट. माझ्या तोंडातली टूथपेस्ट गिळली गेली. मी पुढे वाकून, आवाज न करता, तो परकर तिच्या हातापाशी काठावर पसरला.

"हां," ती म्हणाली. डाळिंबी पट्ट्यावर हात टेकून तिने एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि स्टुलावर बसली. मग माझ्याकडे न बघताच बोलली.

"तू आहेस होय? परकर काही आपोआप उडून येत नाही."

मी ब्रश तोंडातून काढला.

"जा आता बाहेर. आंघोळ झाल्यावर बोलू. पारोसं भांडण नको."

आंघोळ झाली, देवाला दिवा लागला, चहा झाला. मग ती बोलली. ते चॉकलेटी बाथरूम तिला काळोखच होतं, पण त्या काळोखात टबाचा काठ तेवढा पांढऱ्या रेघेसारखा दिसायचा. रेघ दिसली की ती बरोबर पाय टाकायची. आता सगळीकडे रेघच होती.

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू इतकं केलंस माझ्यासाठी. त्यात काय खोट काढायची? आणि बोलले असते तर तू दुसऱ्या दिवसापासून आत येऊन उभी राहिली असतीस." मग म्हणाली, "बिनकाठाचं लुगडं मी कधी नेसले नाही. बिनकाठाचा टब तेवढा तू करून दिलास."

मी हसले आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले. मला स्वतःचा इतका राग आला होता की बाथरूममध्ये जाऊन नखांनी तो रंग खरवडून काढावासा वाटत होता. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि मध्येच म्हणाली, "केसांना तेल नाही वाटतं आठवडाभर."

नवरा संध्याकाळी येताना हार्डवेअरच्या दुकानातून रंगांच्या नमुन्यांची कार्डं घेऊन आला, मूठभर. "आई, तुम्ही दारात उभ्या राहा," तो म्हणाला. "मी एकेक काठावर ठेवतो. दिसलं की सांगा."

त्याने पिवळं ठेवलं. आई बघत होती. "ठेवलंत का, जावईबापू?" तिने विचारलं. त्याने आकाशी ठेवलं, मग पोपटी, मग केशरी. मला ती सगळी कार्डं तिथून ठळक दिसत होती. आई डोळे बारीक करून शांत उभी होती, आणि दर वेळी "नाही" म्हणत होती, बाजारात भाजी नाकारावी तसं. चांगला गडद हिरवासुद्धा तिला "काहीतरी आहे" एवढाच जाणवला. मी तिच्या मागे उभी राहून तिचं जग मोजत होते आणि ते मला वाटलं होतं त्याहून कितीतरी लहान निघालं. नवरा कार्डं बदलायचं थांबला नाही, पण त्याने माझ्याकडे बघणं सोडलं. अखेर त्याने काळं ठेवलं.

"दिसलं," ती म्हणाली. "पण काळं नको बाई. रोज सकाळी उठून काळं कशाला ओलांडायचं?"

मग गडद डाळिंबी. "हां. हेच."

तो रंग मी एकटीने लावला. टबाच्या बाहेरच्या काठावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार बोटं रुंद. टेप लावली होती तरी एका ठिकाणी रेषा वाकडी गेली आहे. तिथे आई रोज अंगठा टेकते, असं नंतर दिसलं. लखलखीत पांढऱ्या बाथरूममध्ये तो पट्टा विचित्र दिसतो. लेकीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग आजीकडे पाहिलं आणि "कूल" म्हणाली.

रंग पक्का झाल्यावर आई तांब्या घेऊन निघाली. मी पॅसेजमध्ये टॉवेलांच्या घड्या घालत होते. ती माझ्यासमोर थांबली.

"तो टॉवेल कालच घडी केलेला आहे," ती म्हणाली. "आणि परवाही."

मी हातातल्या टॉवेलाकडे पाहिलं.

"तांब्या मी मुद्दाम वाजवत होते इतके दिवस. तुला कळावं, बसलेय मी, पडले नाही. मधले दिवस एक हात काठावर ठेवायला लागायचा, म्हणून वाजला नाही." तिने हातातला तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "हा पट्टाही एक दिवस दिसेनासा होईल, हे तुला कळतंय ना?"

मला कळत होतं. कार्डांच्या त्या संध्याकाळपासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. बॅग, विमान, तो बंद फ्लॅट, आणि पगारी बाई. मी टॉवेलाची घडी मोडली.

"त्या दिवशी तांब्या वाजवणार नाही," ती म्हणाली. "हाक मारीन. आत ये."

आणि ती दार लोटून आत गेली. तिकिटाचं ती काही बोलली नाही. मी टॉवेल छातीशी धरून तिथेच उभी राहिले. नळ सुटला, बादली भरली, स्टूल सरकलं. मग थोडी शांतता, आणि मग ठण्ण.